मुकादमसाहेबांची पाणचक्की

मुकादमसाहेबांचा मला अजून राग येतो. माणूस बहरीन सोडून गेला, त्यांच्या टेबलावर आता एक प्रिंटर बसलाय, तरी राग जात नाही. रागाची कारणं मी एकदा कागदावर मांडून पाहिली. मांडल्याशिवाय मला काही कळत नाही. एका बाजूला कपूर, दुसऱ्या बाजूला मुकादमसाहेब. कपूरची बाजू भराभर भरली. दुसऱ्या बाजूवर मात्र मी पेन हातात धरून बसून राहिले.

आमचं ऑफिस बहरीनच्या माहूज भागात, एका राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर. व्हिला, कंपाउंड, गोदामं, अधूनमधून एखादी शाळा, यांचे नकाशे काढायचे आणि बांधकामावर लक्ष ठेवायचं, हा धंदा. मी ऑफिस सांभाळते. व्हिसा, रजा, तिकिटं, कोणाचं रेसिडेंट कार्ड कधी संपतं, एसीवाला कधी येतो, सगळं माझ्याकडे. कपूर जनरल मॅनेजर. आणि हमीद मुकादम मुख्य आर्किटेक्ट. श्रीवर्धनचे. वाडवडील नाखवे, गलबतांवर गेलेले. हे मुंबईला शिकले आणि इकडे आले. काटक अंग, दाट भुवया, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावर राहणारी फिलिपिनो नर्स एकदा खाली येऊन विचारून गेली, कुणाला मारताय का म्हणून. मारत कोणी नव्हतं. साहेब जिन्याच्या मापाबद्दल बोलत होते.

ते रागावलेले नसत तेव्हा आजारी असत, असं आम्ही म्हणायचो. सकाळी आले की पहिला राग फुटपाथवर निघे. माहूजच्या आमच्या गल्लीत वरच्या सगळ्या एसींचं पाणी खाली ठिबकतं. ते पाणी चुकवत येणारा माणूस दाराशीच सुरू व्हायचा, "एवढ्या मोठ्या इमारती बांधतात, एक नळी लावता येत नाही. सावंतबाई, हे पाणी जातं कुठे, सांगा मला." मला कुठे माहीत होतं. मी म्हणायची, "चहा पाठवते." मग दुसरा राग चहावर.

पण प्रश्न त्यांचा तोच. कुठलाही नकाशा समोर आला, कोणाचाही असो, ते त्यातली खोली बघत नसत, दर्शनी भाग बघत नसत. लाल पेन्सिल हातात घ्यायची आणि विचारायचं, "पाणी कुठून येतं? कुठे जातं?" ज्याला सांगता आलं नाही त्याचा नकाशा उलटा गुंडाळून परत. नवीन मुलं हसायची. बहरीनमध्ये पाऊस तो किती, वर्षातून चार वेळा. पण त्या चार वेळांना जनाबियाच्या व्हिलांमध्ये गालिचे तरंगतात, आणि मग लोक आमच्याकडे येतात. तेव्हा कोणी हसत नाही.

दुसरा त्यांचा नियम मात्र हुकूम होता: पहिलं पाणी काढा. इथे जमीन थोडी खणली की खारं पाणी वर येतं. ते पंपाने उपसून खड्डा कोरडा केल्याशिवाय पायाला हात लावायचा नाही. तरुणपणी हिद्दला एका गोदामाच्या कामावर कंत्राटदाराने पंप वाचवला होता. खड्ड्याची बाजू ढासळली आणि आख्खं खोदायचं मशीन आत गेलं. माणूस वाचला, कारण तो नमाजाला गेला होता. त्या दिवसानंतर साहेबांनी तो नियम लिहिला, आणि आमच्या ऑफिसातून जाणाऱ्या प्रत्येक कामाचं पहिलं पान तेच असे. नियमांचं पान. त्यातला पहिला नियम: काम सुरू होण्याआधी जागेतलं आणि आजूबाजूचं सगळं पाणी काढून जागा कोरडी करावी. ह्या पानाचा त्यांना गर्व होता. "बाकीचं सगळं फेकून द्या," म्हणायचे, "हे एक पान वाचलं तर इमारत उभी राहते."

हे मी मुद्दाम आधी सांगतेय. पुढचं सगळं ह्या पानावरून घडलं.

'इंशाल्ला'वरूनही त्यांचं एक भांडण कायम चालू असे. ड्राफ्ट्समनला विचारलं, नकाशा उद्या मिळेल का, तर तो म्हणणार, इंशाल्ला. साहेब उसळायचे. "अल्लाचं काम असेल तिथे इंशाल्ला म्हणायचं. नकाशा अल्लाचं काम आहे का? तुझं आहे. हो म्हण नाहीतर नाही म्हण." स्वतः पाच वेळचे नमाजी. पण देवाचं नाव कामचुकारपणाला वापरलेलं त्यांना खपत नसे. त्या मुलाने नंतर एकदा विचारलं, "सर, मग पाऊस पडेल का असं विचारलं तर?" साहेब म्हणाले, "तिथे म्हण. तिथे माझा काही इलाज नाही."

तर पाणचक्की.

बू-खालिद आमचे जुने क्लायंट. बहरीनी, जनाबियाला मोठं घर, वाडवडिलांचा मोत्यांचा आणि गलबतांचा धंदा, आता सिमेंट आणि टाइल्स. ते एका उन्हाळ्यात फ्रान्सला गेले, तिथे ब्रिटनी नावाच्या किनाऱ्याकडच्या प्रांतात फिरले, आणि जसे आपण कोल्हापूरहून चपला आणतो तशी एक जुनी पाणचक्की विकत घेऊन आले. बंद पडलेली, दगडी, झाडीत. तिथे उन्हाळ्यात कुटुंबाने राहायचं, खोल्या काढायच्या, न्हाणीघरं करायची. "आणि चाक फिरलं पाहिजे, उस्ताद," असं त्यांनी साहेबांना सांगितलं. "पाहुण्यांना दाखवायला नाही. मला स्वतःला बघायचंय."

त्या वाक्यावर साहेब त्या माणसाच्या प्रेमात पडले.

मापं घ्यायला साहेबांना पाठवायचं ठरलं. मी सामानाची यादी केली. छत्री, रेनकोट, गरम बनियन, औषधं, गमबूट. गमबूट मी स्वतः नेऊन त्यांच्या घरी दिले. ते त्यांनी सुटकेसमधून काढले आणि तिथे गवंड्याचा ओळंबा, पितळी टेप आणि नकाशांची नळी भरली. तिथे पोचल्यावर फोन आला. "सावंतबाई, इथे पाणी गुडघ्यापर्यंत आहे आणि माझ्या पायात ऑफिसचे बूट आहेत. तुम्ही बूट का दिले नाहीत?" मी म्हटलं, "दिले होते. तुमच्या पलंगाखाली असतील." मग म्हणाले, "यादीत लिहायचं होतं, काढू नयेत म्हणून."

आले ते बदलून आले, असं काही मी म्हणणार नाही. तसेच आले, फक्त राग एका जागी गोळा होऊन आला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसवून त्यांनी ती चक्की सांगितली. समोर त्यांचा चार पुडांचा डबा. तो उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हा सगळ्यात खालचा पूड. इथे चाकाचा कणा बाहेरून आत येतो आणि दातेरी चाकं फिरवतो. त्याच्या वर दुसरा, इथे तळ्या, म्हणजे दळायचे दगड. आपल्या जात्यासारख्याच, पण एकेक तळी चार माणसांना हलणार नाही. त्याच्या वर तिसरा, धान्याचा माळा. पोतं दोरीने आधी थेट वर ओढायचं. मग दाणा स्वतःच्या वजनाने खाली येतो, त्याचं पीठ होतं, ते पोत्यात पडतं. एकदा वर चढवलं की काम उताराचं."

"आणि चौथा पूड, सर?" कोणीतरी विचारलं.

"चौथ्यात माझी कोलंबी आहे, तिकडे बघायचं नाही."

मग त्यांनी डब्याची कडी बोटाने वाजवली. "आता हे बघा. पूड एकमेकांवर उभे आहेत, पण धरून कोणी ठेवलंय? कडीने. चक्कीच्या आत ओकच्या लाकडाची एक घडवंची आहे, घराएवढी. सगळी चाकं, सगळ्या तळ्या त्या घडवंचीवर. ती भिंतीला कुठेही टेकत नाही. बोटभर जागा सोडलीय सगळीकडून. का?"

त्यांनी कडी पुन्हा वाजवली.

"कारण तळ्या फिरताना थरथरतात. भिंतीला टेकली असती तर दहा वर्षांत भिंत उकलली असती. ज्याने बांधलं त्याला हे कळत होतं. माणूस लिहायला शिकला नसेल, पण दरवाज्याच्या वरच्या दगडावर नाव कोरून गेला. आणि कपूरसाहेबांना वाटतं, ती भिंत पाडून काच लावावी, समुद्र दिसेल. समुद्र तिथून दिसतच नाही."

त्या चक्कीचा इतिहासही ते रागावूनच सांगत. पूर्वी ती गावच्या जहागीरदाराची. गावातल्या सगळ्यांनी तिथेच दळायचं, दुसरीकडे गेलं तर दंड, आणि दळणातला वाटा त्याला. "बाई आपल्या घरात दळणार, तर तिला बंदी. का, तर ह्याचं चाक फिरलं पाहिजे." शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या जहागीरदारावर एवढं चिडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढे राज्य उलटलं, जहागीरदार गेले, चक्की चक्कीवाल्याने घेतली. शेवटच्या चक्कीवाल्याची मुलगी अजून शेजारीच राहते. तिचं नाव आनिक, वय ऐंशीच्या घरात. तिला इंग्रजी येत नाही, ह्यांना फ्रेंच येत नाही. दोघांनी तिथे रोज भांडण केलं, असं ते अभिमानाने सांगत. "ती मला काठीने दाखवायची, हे मोजलं नाहीस. मी म्हणायचो, मोजलं. ती म्हणायची, परत मोज." तिने त्यांना कुट्टूच्या पिठाचं काहीतरी तव्यावर करून वाढलं. "घावन आहे हो, सावंतबाई. काळं. पण घावन. इतक्या लांब जाऊन बाई घावन घालते."

आणि तिनेच त्यांना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दाखवली. चाकाकडची भिंत दगडावर नव्हे, लाकडावर उभी आहे. खाली ओकचे ओंडके आडवेउभे टाकलेत, आणि ते कायम पाण्यात आहेत. वर नदीत बंधारा, बंधाऱ्यामागे साठलेलं तळं, तिथून पाट, पाटाचं पाणी चाकापाशी आणि पायाखाली. पाणी आहे तोवर लाकूड शाबूत. काठीने तिने तळ्याकडे दाखवलं, मग स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवलं. भाषेची गरज पडली नाही.

आल्यावर साहेबांनी एक नकाशा जास्तीचा काढला. त्यात इमारत जवळजवळ नव्हतीच. बंधारा, पाट, दारं, तळं, चाकाची खाच आणि पायाखालचे ओंडके. खाली लाल अक्षरात: पाट एक दिवसही बंद ठेवू नये. मला म्हणाले, "लोकांना वाटतं चक्की म्हणजे घर. चक्की म्हणजे पाणी. घर त्याच्या शेवटी येतं."

नंतर ते मुलीच्या निकाहसाठी श्रीवर्धनला रजेवर गेले. नकाशे तयार होते. आल्यावर एकदा शेवटचं बघून पाठवू, असं कपूरशी बोलून गेले. कपूर थांबले नाहीत. तिकडचा कंत्राटदार मोकळा होता, बू-खालिदनी एकदा सहज विचारलं, कुठवर आलं, तेवढं पुरलं. संच पाठवताना कपूरनी तो पाण्याचा नकाशा काढून ठेवला. क्लायंटने मागितलेला नाही, फीमध्ये नाही, उगाच प्रश्न निघतील. आणि वर नेहमीचं पहिलं पान लावलं. पहिलं पाणी काढा.

फ्रेंच कंत्राटदाराने एकदा विचारलं, हे कबूल केलं पाहिजे. मेल आली: तळं आणि पाट खरंच कोरडे करायचे? खात्री आहे? कपूरनी एका ओळीत उत्तर दिलं: हो, आमची ठरलेली पद्धत आहे. त्या मेलची प्रत ऑफिसच्या सामायिक पत्त्यावर आली. महिन्याच्या शेवटी मेल्स फायलीला लावताना ती माझ्यासमोर आली, तेव्हा त्याला तीन आठवडे होऊन गेले होते आणि साहेब दुसऱ्या दिवशी परत येणार होते.

मी काही सांगायच्या आत त्यांना फोटो आला होता. आनिकबाईंच्या भाचीने पाठवलेला. चाकाची खाच कोरडी, तळाला चिखल भेगाळलेला, आणि भिंतीच्या कोपऱ्यात खालून वर गेलेला तडा. सोबत एक वाक्य: मावशी कंत्राटदाराशी भांडली, त्याने तिला तुमचं पान दाखवलं.

ते माझ्या टेबलाशी आले. आवाज नव्हता. मला आधी वाटलं घरी कोणी गेलं. म्हणाले, "संच दाखवा. काय पाठवलं ते." मी दाखवला. पहिलं पान त्यांनी वाचलं, जणू दुसऱ्या कोणाचं आहे. मग कपूरच्या केबिनमध्ये गेले. दार उघडं राहिलं.

"मुकादम साब," कपूर म्हणाले, "रूल तो आपका ही है. इतने साल से यही पेज जा रहा है. मैंने तो एक शब्द नहीं बदला."

"मैंने बहरीन के लिए लिखा था."

"वो कहाँ लिखा है?"

खरंच कुठे लिहिलं नव्हतं. ते लिहिताना दुसरी कुठली जमीन त्यांच्या डोक्यातच नव्हती. आमच्यापैकी कोणाच्याच नसती. इथे पाणी म्हणजे पायाचा वैरी. पाण्यावर उभं असलेलं घर ह्या बेटावर कोण बांधणार.

"पाणी आज सोडायला सांगा," साहेब म्हणाले.

"आज? और पूछेंगे क्यों बंद किया था, तो? पहले जिम्मेदारी तय होगी, वकील से बात होगी. पुरानी दीवार है, दरार तो पहले भी होगी. क्लायंट को अभी कुछ मत बोलिए."

साहेब बाहेर आले. मी मेल छापून ठेवली होती. प्रश्न आणि कपूरचं उत्तर, एकाच कागदावर. त्यांच्या हातात दिली. "हे बघा. त्याने विचारलं होतं. ह्यांनी हो म्हटलं. आणि तुमचा नकाशा काढून टाकला. तुम्ही फक्त हे दाखवा."

त्यांनी वाचली, घडी घातली आणि मला परत दिली.

"हे दाखवलं की भांडण सुरू होईल, बाई. कपूर एक कागद काढेल, मी एक काढीन. महिना जाईल. लाकूड महिनाभर थांबत नाही."

"पण चूक त्यांची आहे."

"कपूरने मूर्खपणा केला. चूक माझी आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या यादीत वेगळ्या ओळींवर लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. स्वतः गाडी चालवत नसत. प्रत्येक सर्कलवर त्यांचं कोणाशी तरी वाजायचं. "हिद्दला, किनाऱ्यावर," म्हणाले. तिथे एक जुनं लाकडी गलबत वाळूवर ओढून ठेवलंय, कित्येक वर्षं. बू-खालिदना त्यांनी तिथे बोलावलं होतं. ते जनाबियाहून आले, अंगात पांढरा पायघोळ थोब, हातात तसबीहची माळ, चेहऱ्यावर थोडं कुतूहल. कपूरना पत्ता नव्हता.

साहेबांनी त्यांना गलबताच्या पोटाशी नेलं. पाण्यात असतं तेव्हा ह्या फळ्यांमधून सुई जात नाही. आता फळ्या सुकून आक्रसल्या होत्या. साहेबांनी अस्तनी वर केली आणि दोन फळ्यांमधल्या फटीत हात घातला. मनगटापर्यंत आत गेला. मग फोनवरचा तो फोटो पुढे धरला.

"शूफ," म्हणाले. बघा. आणि गवंड्यांशी बोलायची ती मोडकी अरबी: "माय मफी, बेत खलास." पाणी नाही, घर संपलं.

इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाला काही एवढ्या कमी शब्दांत सांगताना ऐकलं नव्हतं. बू-खालिदनी स्वतःचा हात त्याच फटीत घातला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, त्यांच्या आजोबांची गलबतं किनाऱ्यावर असायची तेव्हा रोज संध्याकाळी फळ्यांवर पाणी मारायचे, मुलांचं ते काम असे. "मलाही माहीत होतं, उस्ताद. घर म्हटल्यावर सुचलं नाही."

मग विचारलं, "कोणी बंद केलं?"

घडी घातलेला कागद माझ्या पर्समध्ये होता. मी पर्सची चेन उघडली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

"माझ्या नियमाने," ते म्हणाले. "मी लिहिलेला आहे. आधी पाणी सोडा, मग माझ्याशी काय भांडायचं ते भांडा."

बू-खालिद भांडले नाहीत. तिथेच वाळूत उभे राहून त्यांनी फ्रान्सला फोन लावला.

त्यानंतरचं मला अजून नीट लिहिता येत नाही. कपूरनी दोन दिवसांत पत्र तयार केलं. क्लायंटसमोर कंपनीची चूक परस्पर कबूल केली, करार पुढे वाढवता येत नाही. ते पत्र छापायचं काम माझं. साठी उलटलेल्या माणसाचा व्हिसा रद्द करायचा अर्ज भरायचा, तोही मीच. मी दोन्ही केलं, आणि प्रत्येक वेळी तो मेलचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. आता तरी द्या बू-खालिदना. पाणी सुटलंय, आता घाई कसली?

"आता खलास," ते म्हणाले. खोके भरत होते. "आता ते फक्त माझ्या नोकरीसाठी होईल."

"मग होऊ द्या की. नोकरी काय पाप आहे? तुम्ही स्वतःला काय समजता? चूक घरी बसणार आणि मूर्खपणा केबिनमध्ये बसणार. हे बरोबर आहे?"

ते हसले नाहीत. लाल पेन्सिल माझ्यासमोर ठेवली. "तुम्ही चांगलं भांडता. उशिरा शिकलात."

हा राग मी तिथे मांडला, आणि तो तिथेच राहिला. त्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या छोट्या छोट्या गोष्टींसाठी आभाळ डोक्यावर घेतलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा आवाज खाली केला. एकदा, एकदाच त्या केबिनच्या दारात उभं राहून त्यांनी ओरडायला हवं होतं. वरची नर्स परत खाली आली असती तरी चाललं असतं. कपूर अजून केबिनमध्ये आहेत. पहिलं पान आता त्यांच्या नावाने जातं, आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ वाढलीय: हे नियम फक्त बहरीनमधल्या कामांसाठी.

विमानतळावर त्यांना मी सोडलं. त्यांची बायको पुढे रांगेत, सामानाजवळ. तेवढ्यात माझ्या फोनवर व्हिडिओ आला, आनिकबाईंच्या भाचीकडून, पाणी सोडलं त्या दिवशीचा. साहेबांचा नंबर बंद झाला होता, म्हणून मी माझा कळवला होता. आधी नुसता पाट, कोरडा. मग लांबून पाण्याचं तोंड येताना दिसलं, पुढे पाचोळा आणि फेस ढकलत. ते चाकाच्या खाचेत उतरलं आणि हळूहळू चढायला लागलं. शेवटी काठी टेकून उभी असलेली म्हातारी, पाठमोरी.

"चाक फिरत नाहीये," मी म्हटलं.

"चाक बांधलेलं असेल. चाकाकडे कोण बघतंय." त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला होता. "मागे घ्या. तिथे, कोपऱ्यात. भिंतीच्या पायाशी." मी परत लावला. पाणी तड्याच्या खालच्या टोकाला लागलं, आणि ते टोक दिसेनासं झालं.

"उभी राहील का?" मी विचारलं.

त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला. मग म्हणाले, "इंशाल्ला."

आणि लगेच चिडले. "केवढ्या जोरात सोडलंय. एवढ्या जोरात सोडतात का? हळूहळू द्यायचं असतं. सांगा त्या बाईला, त्या कंत्राटदाराला काठीने मारायला सांगा." फोन माझ्या हातात कोंबला आणि काचेच्या दारातून आत गेले. मी आत बघत राहिले. पुढे एक सफाईवाला फरशी पुसत होता आणि त्याच्या बादलीचं पाणी जाळीपासून दूर, भिंतीकडे वाहत चाललं होतं. साहेब थांबले. बॅग खाली ठेवली, वाकले, आणि तळहात फरशीवर टेकवून उतार बघायला लागले. सफाईवाला फडकं धरून उभा. मागची रांग थांबलेली. त्यांचं बोट आधी पाण्याकडे गेलं, मग जाळीकडे, आणि काचेपलीकडून मला ऐकू येत नव्हतं, पण आवाज चढला होता एवढं नक्की.